लोगोवर अडकलेला पोको एफ१: रॉम बदल आणि सुटका

फोन टेबलावर आला तेव्हा दर मिनिटा-दीड मिनिटाला आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होत होता. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराचा, शाओमीचा पोको एफ१. "फोन सारखो बंद-चालू होता. फोन गेलो तरी चलात, पण आतले फोटो माका व्हये," एवढंच त्यांचं मागणं. आत नौकेच्या कागदपत्रांचे फोटो होते, मासळीच्या हिशेबाच्या वहीची पानं होती. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, त्याच्या आत फोन हातात यायला हवा होता.

आधी काय झालं ते विचारून घेतलं. हे विचारणं कधीही टाळू नये, निम्मं निदान तिथंच होतं. फोनवर पिक्सेल एक्स्पिरियन्स हा रॉम होता, अँड्रॉइड १३ चा. रॉम म्हणजे फोनवर चढवायचं अख्खं अँड्रॉइड; हा कंपनीचा नव्हे, बाहेरच्यांनी बांधलेला. तो प्रकल्प २०२४ मध्ये थांबला, म्हणजे सुरक्षेचे पॅच, अर्थात दुरुस्त्या, येणं बंद. म्हणून घरातल्या कुणीतरी त्यावर लिनिएज ओएस २१, म्हणजे अँड्रॉइड १४, टाकला होता. विचार योग्यच होता. पण डेटा न पुसता, जुन्या टीडब्ल्यूआरपीमधून (ही एक रिकव्हरी, म्हणजे अँड्रॉइड सुरू न करता फोन दुरुस्त करायची वेगळी व्यवस्था), एका रॉमवर दुसऱ्या रॉमची झिप फाइल थेट चढवली होती.

एकाच रॉमची नवी आवृत्ती जुन्यावर चढवता येते. रॉम वेगळा असला की तसं चालत नाही, आणि त्याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. प्रत्येक रॉम बांधणारे आपल्या स्वतःच्या किल्लीनं सिस्टिम ॲपवर सही करतात. स्टोरेजच्या डेटा विभागात आधीच्या रॉमच्या सहीची नोंद पडलेली असते. नवा रॉम सुरू होताना पॅकेज मॅनेजर हा ॲप सांभाळणारा भाग ती नोंद वाचतो, सही जुळत नाही, फोन, संपर्क, सेटिंग्ज अशा मुळातल्या ॲपना परवानग्या मिळत नाहीत आणि सिस्टिम सर्व्हर, म्हणजे अँड्रॉइडची मुख्य सेवा, कोसळतो. तो कोसळला की अँड्रॉइड त्याला पुन्हा उठवतं, तो पुन्हा कोसळतो. बाहेरून बघणाऱ्याला फक्त फिरणारं ॲनिमेशन दिसतं.

असा फोन हातात आला की पहिलं काम घड्याळ लावून बघत बसायचं. काहीही फ्लॅश करायचं, म्हणजे फोनवर लिहायचं, नाही. फोन कुठल्या टप्प्यावर मरतो ते तीन-चार फेऱ्या नुसतं पाहायचं. कंपनीचा लोगो येऊन पाच-दहा सेकंदांत पुन्हा लोगोच आला, तर दोष बूट इमेजमध्ये किंवा तिच्यातल्या कर्नलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या सगळ्यात खालच्या गाभ्यात. लोगो पार करून रॉमचं ॲनिमेशन सुरू झालं आणि तिथं अडकलं, तर कर्नल ठीक आहे, दोष सिस्टिममध्ये किंवा डेटात. ॲनिमेशन न येताच फोन आपणहून रिकव्हरीत जाऊन पडला, तर डेटाचं एन्क्रिप्शन, म्हणजे कुलूप, उघडलं नसण्याची शक्यता मोठी. आणि फास्टबूटच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनचे विभाग लिहायच्या अवस्थेच्या, पडद्यावरसुद्धा फोन टिकत नसेल, तर रॉमचा संबंधच नाही. बटण, बॅटरी नाहीतर बोर्ड. लोक घाबरून एकामागून एक झिप चढवतात आणि मूळ खूण पुसून टाकतात. साध्या लूपचा, म्हणजे फिरून फिरून सुरू होण्याचा, मेलेला फोन बहुतेक वेळा त्यातूनच होतो.

आमच्यासमोरचा फोन लोगो पार करत होता. लिनिएजचं ॲनिमेशन मिनिटभर चाले, मग फोन पुन्हा सुरू होई. चार-पाच फेऱ्यांनंतर तो रिकव्हरीत थांबला आणि सिस्टिम सुरू होत नाही, डेटा खराब असू शकतो, अशा अर्थाचा संदेश दिसला. अँड्रॉइड ८ पासून रेस्क्यू पार्टी नावाची व्यवस्था आहे. सिस्टिम सर्व्हर थोड्या वेळात पुन्हा पुन्हा कोसळला की ती एकेक पायरी चढत शेवटी फोनला रिकव्हरीत आणून सोडते. या पडद्यावर दोनच पर्याय असतात: पुन्हा प्रयत्न, किंवा फॅक्टरी रीसेट. आत काही हवं असेल तर दुसऱ्याला हात लावायचा नाही. त्या एका दाबण्यानं फोटो जातात, आणि एन्क्रिप्ट केलेल्या डेटाची किल्ली गेली की पुसलेल्या फाइल शोधणारं कुठलंच सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही.

इथं एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. डेटाची किल्ली फोनच्या सुरक्षित भागात अँड्रॉइडच्या आवृत्तीशी आणि पॅचच्या तारखेशी बांधलेली असते. नव्या पॅचच्या रॉमनं एकदा डेटा उघडला की किल्ली त्या तारखेपर्यंत वर सरकते. मग जुन्या पॅचचा रॉम परत टाकला तर सुरक्षित भाग ती किल्ली द्यायला नकार देऊ शकतो. म्हणून "जुनाच रॉम परत टाकू, सगळं पूर्ववत होईल" हा सल्ला सर्रास दिला जातो तो धोक्याचा आहे. आम्ही मागे गेलो नाही.

टीडब्ल्यूआरपी उघडलं तर इंटर्नल स्टोरेज ० एमबी, आणि फोल्डरची नावं म्हणजे अगम्य अक्षरं. याचा अर्थ डेटा गेलाय असा नव्हे. त्या जुन्या टीडब्ल्यूआरपीला अँड्रॉइड १४ ची कुलूपपद्धत कळत नाही, एवढाच. याच मॉडेलसाठी बांधलेली, अँड्रॉइड १४ उघडू शकणारी नवी रिकव्हरी इमेज घेतली. पोको एफ१ चं सांकेतिक नाव बेरिलियम. फाइलच्या नावात तेच असायला हवं, एका अक्षराचाही फरक चालवून घेऊ नये.

आता केबल. किनाऱ्यावर हे वेगळं सांगावं लागतं. खाऱ्या हवेनं टाइप-सी पोर्टमधले काटे हिरवट पडतात, चार्जिंग कसंबसं होतं पण डेटाच्या तारा जुळत नाहीत. फास्टबूटमध्ये 'सेंडिंग' लिहून येतं आणि पुढं 'फेल्ड, राइट टू डिव्हाइस'. लोक रॉमला दोष देतात, दोष पोर्टमध्ये असतो. फोन पूर्ण बंद करायचा, लाकडी टूथपिकच्या टोकाला किंचित ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून काटे हळूच घासायचे, पंधरा मिनिटं सुकू द्यायचं. सुई नको, शॉर्ट होतो. तांदळाच्या डब्यात फोन ठेवण्याचा उपाय आपल्याकडे घरोघरी आहे. त्यानं थोडा ओलावा जात असेल, पण मीठ जिथल्या तिथं राहतं आणि तांदळाची पूड मात्र पोर्टमध्ये जाते. कॉम्प्युटरच्या बाजूनं निळ्या यूएसबी ३ पोर्टवर फास्टबूट अडखळत असेल, तर यूएसबी २ चा साधा पोर्ट किंवा हब मधे लावावा. एएमडी प्रोसेसरच्या काही कॉम्प्युटरवर या फोनना याशिवाय गत्यंतर नसतं.

काम लॅपटॉपवरच करायचं, डेस्कटॉपवर नाही. जुलैत मालवणात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि विभाग लिहिताना मधेच कॉम्प्युटर बंद पडला तर अर्धवट लिहिलेला विभाग राहतो. फोनची बॅटरीही ६० टक्क्यांच्या वर हवी.

पॉवर आणि आवाज कमी ही बटणं एकत्र दाबून फास्टबूट. पडद्यावर केसाळ टोपी घातलेला ससा अँड्रॉइडची दुरुस्ती करताना दिसतो. लॅपटॉपवर 'फास्टबूट डिव्हाइसेस' हा आदेश दिल्यावर फोनचा क्रमांक दिसला पाहिजे. मग 'फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी' आणि पुढं इमेजचं नाव. संपताच पॉवर आणि आवाज वाढव दाबून थेट रिकव्हरीत. नव्या रिकव्हरीनं पिन विचारला, मालकांनी सांगितलेला दिला, आणि स्टोरेज उघडलं. हा पिन आधीच्या रॉमवर होता तोच. घाईत तीन-चार वेगवेगळे देऊन बघू नयेत, मालकालाच विचारावं.

'एडीबी' म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आदेश देण्याचं साधन; त्यातल्या 'एडीबी पुल' नं आधी 'डीसीआयएम' हा कॅमेऱ्याच्या फोटोंचा फोल्डर, मग 'पिक्चर्स', 'डाउनलोड', 'डॉक्युमेंट्स' लॅपटॉपवर घेतलं. व्हॉट्सॲप शोधताना बरेच जण फसतात: अँड्रॉइड ११ पासून त्याचा फोल्डर स्टोरेजच्या मुळात नसतो, 'अँड्रॉइड'च्या आत 'मीडिया', त्याच्या आत 'कॉम.व्हॉट्सॲप' असा असतो. गप्पांचा बॅकअप 'डेटाबेसेस'मध्ये. जीपीएसच्या ॲपमधल्या खुणा फाइल म्हणून निर्यात केलेल्या होत्या म्हणून मिळाल्या. ॲपच्या पोटातच राहिल्या असत्या तर त्या काढणं अवघड होतं. नौकेवर फोन वापरणाऱ्यांनी खुणांची फाइल महिन्यातून एकदा बाहेर काढून ठेवावी, असं आम्ही कळकळीनं सांगतो. पाण्याखालच्या खडपांच्या त्या जागा वर्षानुवर्षं जमवलेल्या असतात.

फाइल नुसत्या आल्या म्हणून थांबायचं नाही, लॅपटॉपवर दहा-बारा उघडून बघायच्या. मग त्याच रिकव्हरीतून ईएफएस आणि पर्सिस्ट या विभागांचा बॅकअप. क्वालकॉमची चिप असलेल्या फोनमध्ये आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आणि मोडेमची जुळणी 'मोडेमएसटी१', 'मोडेमएसटी२' या छोट्या विभागांत असते. हे बिघडले तर फोन चालू होतो पण सिम दिसत नाही. काही एमबीचा बॅकअप, दोन मिनिटांचं काम, आणि तो फोनमध्ये न ठेवता लॅपटॉपवर ठेवायचा, कारण पुढच्या पायरीला फोन रिकामा होणार आहे.

निघायच्या आधी याच रिकव्हरीतून लूपचं कारणही वाचून घेता येतं. फोन अचानक रीस्टार्ट होतो तेव्हा कर्नलच्या शेवटच्या ओळी रॅमच्या एका राखीव कोपऱ्यात राहतात. लूपमधून सरळ रिकव्हरीत गेलं, मधे फोन बंद न करता, तर 'सिस'च्या आत 'एफएस', त्याच्या आत 'पीस्टोअर' या जागी 'कन्सोल-रॅमऊप्स' नावाची फाइल मिळते. कर्नल कोसळला असेल तर शेवटी 'कर्नल पॅनिक' लिहिलेलं असतं. इथं तसं नव्हतं, कर्नल शांत होता आणि वरची सेवा पुन्हा पुन्हा मरत होती. ॲनिमेशन बघून केलेला तर्क बरोबर ठरला.

मॅजिस्क, म्हणजे फोनवर रूट अधिकार देणारं साधन, घातलेल्या फोनमध्ये हेच चित्र एखाद्या बिघडलेल्या मॉड्यूलमुळं दिसतं. तिथं फॉरमॅटची गरज नसते. फोन ॲनिमेशनवर असताना, एडीबीला आधी परवानगी दिलेली असेल तर 'एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क' आणि पुढं 'रिमूव्ह-मॉड्यूल्स'चा पर्याय दिला की सगळी मॉड्यूल निघतात आणि फोन उठतो.

आता खरा बदल. लिनिएजची झिप, लिनिएजचीच रिकव्हरी इमेज आणि गूगलच्या सेवांसाठी माइंडद गॅप्स, अँड्रॉइड १४ आणि ६४ बिटची. लिनिएजमध्ये गूगलच्या सेवा नसतात, पिक्सेल एक्स्पिरियन्समध्ये त्या आतच होत्या. हा फरक माहीत नसल्यानं बरेच जण प्ले स्टोअर गायब झालं म्हणून परत येतात. पावसात टॉवर मधेच जातो, डाउनलोड तुटतं, पुन्हा जोडलं जातं आणि फाइल आकारानं पूर्ण दिसली तरी आतून फाटलेली असू शकते. विंडोजवर 'सर्टयूटिल हॅशफाइल', पुढं फाइलचं नाव आणि शेवटी 'एसएचए२५६' दिलं की ६४ अक्षरांची ओळ येते. ती डाउनलोड पानावरच्या ओळीशी पूर्ण जुळवायची. पहिली-शेवटची चार अक्षरं जुळली की पुढं जाणारे आहेत. तसं करू नये, कॉपी करून शोधून बघायला दहा सेकंद लागतात.

फर्मवेअरही बघून घ्यायचं. मोडेम, ट्रस्टझोन वगैरे खालचे भाग रॉमच्या झिपमध्ये नसतात, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून आलेले असतात. पोको एफ१ ला कंपनीकडून शेवटी अँड्रॉइड १० वरचा एमआययूआय १२, म्हणजे शाओमीचा स्वतःचा रॉम, मिळाला. त्यातलं फर्मवेअर फोनवर असावं. नसेल तर रिकव्हरी 'एरर ७' देऊन थांबते. एरर ७ म्हणजे झिपनं तपासणी केली आणि मॉडेल किंवा फर्मवेअर जुळलं नाही. झिप उघडून तपासणीची ओळच खोडून टाकण्याची युक्ती जागोजागी सांगतात. ती अजिबात वापरू नये. ती ओळ तुमचा फोन वाचवण्यासाठीच आहे.

लिनिएजची रिकव्हरी फास्टबूटनं टाकून तिच्यात शिरलो. 'फॅक्टरी रीसेट', त्यात 'फॉरमॅट डेटा'. वाइप आणि फॉरमॅट यांत गल्लत करू नका. टीडब्ल्यूआरपीतलं साधं वाइप इंटर्नल स्टोरेज आणि एन्क्रिप्शन ठेवून बाकीचं पुसतं. फॉरमॅट संपूर्ण विभाग नव्यानं आखतं, जुनी कुलूपं निघतात. रॉम बदलताना फॉरमॅटच लागतं, टीडब्ल्यूआरपीत त्यासाठी 'येस' टाइप करून घेतात.

मग 'अप्लाय अपडेट', 'अप्लाय फ्रॉम एडीबी', आणि लॅपटॉपवरून 'एडीबी साइडलोड' व झिपचं नाव. लॅपटॉपवरचा आकडा ४७ टक्क्यांवर थांबतो आणि 'फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस' असं चमत्कारिक वाक्य येतं. हे ठीक आहे. या क्षणी घाबरून केबल उपटणारेही बघितले आहेत. फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायचं, लॅपटॉपवरचं नाही. नंतर तसंच गॅप्सचं साइडलोड. इथं सही पडताळता आली नाही, तरीही टाकायचं का, असं रिकव्हरी विचारते, कारण गॅप्सवर लिनिएजची सही नसते. होय म्हणायचं. गॅप्स फोन पहिल्यांदा सुरू होण्याच्या आधीच टाकायचे. रॉम एकदा चालू करून मग टाकले तर पुन्हा फॉरमॅट करावं लागतं. ज्या फोनमध्ये ए आणि बी असे दोन स्लॉट असतात तिथं रॉम टाकल्यावर गॅप्सच्या आधी रिकव्हरी रीस्टार्ट करावी लागते, नाहीतर गॅप्स चुकीच्या स्लॉटवर जातात. पोको एफ१ ला स्लॉट एकच.

पहिली सुरुवात सावकाश होते. पंधरा मिनिटांपर्यंत वाट बघावी, त्याहून जास्त झालं तर काहीतरी चुकलंय. आमचा फोन चार मिनिटांत भाषा निवडण्याच्या पडद्यावर आला.

काम झालं असं वाटत असताना चार्जर काढला, फोन रीस्टार्ट केला, आणि तो पुन्हा ॲनिमेशनवर मरून लोगोवर आला. चार्जर लावला की सुरू होई. पीस्टोअरमध्ये बघितलं तर फाइलच नाही. ही रिकामी जागाच बोलकी आहे. सॉफ्टवेअर कोसळलं तर मागे नोंद राहते. वीज एकदम तुटली तर रॅममधलं सगळंच जातं, नोंद कुठून राहणार. पोको एफ१ ऑगस्ट २०१८ चा फोन. सुरू होताना स्नॅपड्रॅगन ८४५ चे आठही कोअर एकदम जोर लावतात, थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्या क्षणापुरतं कोसळतं आणि पॉवर चिप फोन बंद करते. बॅटरीचा आकडा मात्र ५५ टक्के दाखवत राहतो. म्हणजे मुळात दोन दोष होते आणि पहिल्यानं दुसरा झाकलेला होता.

बीएम४ई ही त्याची बॅटरी, ४००० एमएएच. मागचं झाकण हलक्या उष्णतेनं मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीनं उचलायचं, बोटाच्या ठशाचा सेन्सर मागच्या बाजूला असल्यानं त्याची पट्टी ताणली जाणार नाही असं. जुनी बॅटरी फुगलेली असेल तर तिच्याखाली धातूचं काहीही घालायचं नाही. नवी बसवल्यावर चार्जरशिवाय सलग दहा वेळा रीस्टार्ट करून बघितला, दहाही वेळा उठला.

याच दिवसांत आलेला दुसरा एक फोन फास्टबूटमध्येसुद्धा टिकत नव्हता, ठरावीक अंतरानं परत लोगो. रॉम बदलून दोन ठिकाणी पैसे देऊन झाले होते. पॉवर बटणाच्या खाली मीठ साचून बटण आतच दबून राहिलं होतं. बटण काही सेकंद दाबून धरलं की फोन सक्तीनं रीस्टार्ट होतो, तेच सतत चाललं होतं. बटणाची पट्टी कनेक्टरमधून सुटी केली, चार्जर लावला, फोन टिकला. अल्कोहोलनं धुऊन काम झालं. किनारपट्टीवर असा फोन आला तर आम्ही फास्टबूटच्या पडद्यावर पाच मिनिटं आणि रिकव्हरीत पंधरा मिनिटं त्याला नुसता ठेवतो, त्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही.

रिकव्हरीसुद्धा उघडत नसेल आणि फास्टबूट चालत असेल, तर कंपनीचा फास्टबूट रॉम टाकायचा. 'मी फ्लॅश' या शाओमीच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये खाली तीन पर्याय असतात आणि त्यातला 'क्लीन ऑल अँड लॉक' आधीच निवडलेला असू शकतो. तो बदलून 'क्लीन ऑल' करायचा. रॉम फोनच्या प्रदेशाचा नसताना बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम, लॉक झाला तर फोन सुरू होत नाही आणि पुन्हा उघडण्यासाठी बहुधा १६८ तासांची वाट बघण्याची अट आड येते. कंपनीबाहेरचा कस्टम रॉम असताना तर लॉक कधीच करू नये. टाकण्याआधी 'फास्टबूट गेटव्हार अँटी' देऊन जुन्या आवृत्तीला अडवणारा आकडा बघायचा. रॉमचा आकडा फोनपेक्षा लहान असेल तर तो टाकायचा नाही. त्यानं पडदा पूर्ण काळा होतो, कॉम्प्युटरला फक्त क्वालकॉमचा ९००८ हा आणीबाणीचा पोर्ट दिसतो, आणि तिथून पुढं शाओमीच्या फोनना अधिकृत खातं लागतं.

मालकांना फोन देताना बँकेच्या ॲपबद्दल आधी सांगितलं: बूटलोडर उघडा असल्यानं काही बँकांची ॲप चालणार नाहीत, त्यासाठी घरातला दुसरा फोन ठेवा. फोटो 'एडीबी पुश'नं परत टाकले. व्हॉट्सॲपचा फोल्डर ॲप टाकण्याआधी जागेवर ठेवला, मग ॲप टाकून नंबर नोंदवला, तेव्हा त्यानं बॅकअप सापडल्याचं विचारलं. क्रम उलटा झाला तर ते विचारत नाही. रॉम, रिकव्हरी, गॅप्स आणि ईएफएसचा बॅकअप एका पेनड्राइव्हवर घालून तो प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, त्यांच्याकडेच दिला.